पडदा कोण ओढणार?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेले भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



काल रात्री ओळखीचा कार्यक्रम झाला. कोणी डॉक्टर, कोणी तहसील कार्यालयात, कोणी राइस मिल चालवतो, कोणी धानाची शेती करतो. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "मी पडदे ओढतो." सगळे हसले. मागून एकजण म्हणाला, "म्हणजे तू दहावीत जे करत होतास तेच अजून करतोस!" त्यानं गमतीनं म्हटलं, पण खरं तेच आहे. नागपूरला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, पुण्याला गेलो आणि गेली पंचवीसेक वर्षं नाट्यगृहांत रंगमंचाची यंत्रं बसवतो आहे. पडदे, लाइटचे बार, फिरते मंच, खालीवर होणारे प्लॅटफॉर्म. हे सगळं मोटारीवर चालतं आणि ते चालवायला एक कन्सोल लागतो. त्या कन्सोलबद्दलच आज मला बोलायला सांगितलं आहे, कारण आपल्या बॅचनं वर्गणी काढून शाळेच्या रंगमंचाला मोटारीचे पडदे द्यायचं ठरवलं आहे. समितीकडे तीन कोटेशनं आली आहेत. काल समितीचे दोघं मला बाजूला घेऊन म्हणाले, "तू फक्त सांग, यातलं कोणतं घ्यायचं?"

सांगतो. पण त्याआधी तुम्हाला दोन गोष्टी ऐकवाव्या लागतील.

पहिली गोष्ट तुमच्या समोरच घडली आहे. दहावीच्या वर्षीचं स्नेहसंमेलन आठवा. रंगमंच हाच, तेव्हा वर टिनाचं छप्परही नव्हतं. बल्ल्या रोवून, आडवे बांबू बांधून उभारलेला. मागे तीन रंगवलेले पडदे: महाल, रस्ता आणि जंगल. आपल्याकडे जंगलाचा पडदा लागतोच, बाहेर कितीही जंगल असलं तरी! हे पडदे गुंडाळीचे. खाली बांबू, दोन टोकांना दोन दोर, वर कप्प्या. एका दोराला आपले घंटावाले मामा आणि दुसऱ्या दोराला मी. मामांचं नाव घ्यायची गरज नाही. या शाळेत जो शिकला त्याच्या कानात त्यांची घंटा आहेच.

मामा दिवसा शाळेचे शिपाई, पण दिवाळी झाली की रात्री नाटक कंपनीचे पडदेवाले. बाहेरगावाहून आलेल्या आपल्या जावई-सुनांसाठी सांगतो. वडसा हे झाडीपट्टीच्या नाटकांचं गाव. धान कापून झालं, मंडई आणि शंकरपट सुरू झाले, की इथल्या कंपन्यांचे ट्रक निघतात. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांत होळीपर्यंत गावोगाव नाटकं चालतात. गावातलं मंडळ तारीख घेतं, घरोघरी पाहुणे येतात, रात्री दहाच्या आसपास नाटक सुरू होतं ते पहाटेपर्यंत. आमच्या गावी कापलेल्या बांधीतच मंडप पडायचा. मागच्यांना दिसावं म्हणून जमीन खणून उतार केलेला असायचा. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा मी पुण्यात पेढे वाटले होते. माझ्या ऑफिसात कोणाला कळेना, हे कशाचे पेढे.

तर मामा रात्रभर पडदे ओढून सकाळी सायकलनं शाळेत येत आणि पहिली घंटा वेळेवर देत. त्यांच्या तळहातावर दोराचा घट्टा होता. आपण त्याला हात लावून बघायचो.

त्या संमेलनात आपलं ऐतिहासिक नाटक होतं. दुसऱ्या अंकाला महालाचा पडदा खाली यायचा होता. ठरलं असं की सरांनी शिटी वाजवली की मी आणि मामांनी एकदम दोर सोडायचा. सरांनी शिटी वाजवली. मी दोर सोडला. पण मामांनी सोडला नाही. पडदा माझ्या बाजूनं तिरका खाली आला आणि अर्ध्यात अडकला. लोक हसले. मला राग आला, मामांमुळे फजिती झाली म्हणून. मग पाहिलं तर पडद्याच्या बरोबर खाली, मामांच्या बाजूला, आपल्या वर्गातली जिजाऊ झालेली मुलगी वाकून पैंजण शोधत होती. ती आज तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि आत्ता मान हलवते आहे. वरून येणारा बांबू चांगला मनगटाएवढा होता.

नाटक संपल्यावर मामा मला रागावले नाहीत. दोर गुंडाळता गुंडाळता एवढंच म्हणाले, "शिटी आयकून सोडू नोको गा. पाहून सोड."

ही पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट मी आजवर कुठल्याच व्यासपीठावर सांगितलेली नाही.

२००६ साली आम्ही राज्यातल्या एका शहरात नाट्यगृहाचं काम केलं. गावाचं नाव घेत नाही, कारण चूक गावाची नव्हती. बारा मोटारी होत्या आणि कन्सोल निवडायचं काम माझ्याकडे होतं. मी तेव्हा नवा होतो आणि मला चकचकीत गोष्टींची भुरळ होती. मी टच स्क्रीनचा मोठा कन्सोल निवडला. तो प्रेक्षागृहाच्या मागे, काचेच्या खोलीत बसवला, एअर कंडिशनरच्या खाली. पडद्यावर बोट ठेवलं की बार हलतो, रंगीत आकडे पळतात. उद्घाटनाला आलेले पाहुणे तोंडात बोट घालून बघत होते. कोटेशनमध्ये एक पर्याय होता: काचेच्या खोलीत थांबवण्याचं वेगळं लाल बटण हवं की नको. रंगमंचाच्या भिंतीवर एक होतंच. बजेट थोडं वर जात होतं, म्हणून मी खोलीतलं बटण वगळलं. माझ्या हातानं त्या ओळीवर रेघ मारली.

तिसऱ्या महिन्यात एका तालमीला मी हजर होतो. प्रवेश बदलताना अंधार, आणि अंधारात मागचा बार खाली येणार. त्याला पडदा आणि दिवे धरून दोनशे किलोच्या आसपास वजन. मी बटण दाबलं, बार निघाला. माझ्या खोलीतून रंगमंच साठ फूट लांब, मध्ये काच, आणि समोर काळोख. एक मदतनीस मुलगा टेबलावरचा तांब्या उचलायचा राहिला म्हणून पळत मध्ये आला. विंगेतून कोणीतरी किंचाळलं. मी स्क्रीनवर 'थांबा'वर बोट ठेवलं. स्क्रीननं मला विचारलं: "नक्की थांबवायचं? होय / नाही."

मित्रहो, बार सेकंदाला साधारण एक फूट खाली येत होता. तो प्रश्न वाचायला आणि 'होय'वर बोट टेकवायला मला दोन सेकंद लागले असतील. म्हणजे दोन फूट. त्या दोन फुटांत तो मुलगा होता. खांद्याचं हाड मोडलं. डोक्यावर आला असता तर आज मी तुमच्यासमोर उभा नसतो, निदान या तोंडानं उभा नसतो. तो बरा झाला, आता त्याचा स्वतःचा टेम्पो आहे. दिवाळीला मी त्याला फोन करतो. तो कधीच त्या दिवसाचा विषय काढत नाही.

चौकशीत लिहिलं गेलं की यंत्र ठरल्याप्रमाणे चाललं. ते खरंच होतं. ठरवलं मीच होतं. मामांनी पंधरा वर्षांपूर्वी सांगितलेलं वाक्य मी विसरलो होतो. मी असा कन्सोल निवडला होता, ज्याच्यासमोर बसून पाहून सोडताच येत नव्हतं.

आता तुमच्या तीन कोटेशनांकडे येतो. पहिलं आहे मोठ्या डेस्कचं, दोन टच स्क्रीन, मागे खोली बांधायची. दुसरं सगळ्यात स्वस्त: भिंतीवर डबा आणि त्यात वर-खाली अशी बटणं. तिसरं आहे लहान, उचलून नेता येणारा कन्सोल, मोठ्या पाटीएवढा, तारेनं जोडायचा. दोन दांड्या, काही खरी बटणं आणि एक छोटा स्क्रीन. समितीतल्या बऱ्याच जणांचा कल पहिल्याकडे आहे, कारण "द्यायचंच तर दिसण्यासारखं द्यावं". मला ते समजतं. मीही त्यातूनच गेलो आहे.

निवडताना काय बघावं ते मी क्रमानं सांगतो. ज्यांना लिहून घ्यायचं त्यांनी घ्यावं. गणिताच्या बाई समोर आहेत, म्हणून मुद्दे नीट मांडतो.

सगळ्यात आधी ठरवायचं की चालवणारा उभा कुठे राहणार. कन्सोल लहान असण्याचा खरा फायदा किमतीत नाही, तो असा की डोळे जिथे असायला हवेत तिथे तो नेता येतो. आपल्या रंगमंचावर तीन ठिकाणी सॉकेट काढा: डाव्या विंगेत, उजव्या विंगेत आणि समोर प्रेक्षकांत, तालमीसाठी. एका वेळी एकच सॉकेट चालू राहील अशी जोडणी करून घ्या, म्हणजे दोन ठिकाणांहून दोघं एकदम पडदा ओढणार नाहीत. भिंतीवरच्या डब्याचं हेच दुखणं आहे. तो जिथे बसवला तिथून जे दिसेल तेवढंच दिसेल, आणि डबा नेहमी वायरिंगच्या सोयीनं बसतो.

दुसरी गोष्ट अंगठ्याची. चांगल्या कन्सोलला एक परवानगीचं बटण असतं. ते दाबून धरलं असेल तोवरच मोटार हलते. सोडलं की थांबते. यात एक बारकावा आहे. माणूस घाबरला की दोनपैकी एक करतो: हातातलं सोडून देतो, नाहीतर घट्ट आवळतो. म्हणून तीन अवस्थांचं बटण मिळतं. सोडलेलं असेल तर बंद, अर्धं दाबलं तर चालू, आणि घाबरून पूर्ण आवळलं तर पुन्हा बंद. माणसाच्या घाबरण्याचा विचार करून बनवलेली ही वस्तू आहे. कोटेशनमध्ये ही आहे का, हे विचारा. मी काल पाहिलं. पहिल्यात नाही, तिसऱ्यात आहे.

तिसरी गोष्ट लाल बटण. ते मोठं, उठावदार, तळहातानं मारता येईल असं पाहिजे, आणि ते कन्सोलवरही हवं, दोन्ही विंगांतही हवं. दाबलं की अडकून बसलं पाहिजे आणि पिळल्याशिवाय सुटता कामा नये. ते सुटल्यावर पडदा आपोआप सुरू झाला तर ते बटण घेऊ नका. सुरू करायला वेगळं बटण दाबावं लागलं पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याची तार स्क्रीनमधून आणि प्रोग्रॅममधून जाता कामा नये. ती सरळ मोटारीची वीज तोडणाऱ्या सर्किटपर्यंत गेली पाहिजे. ते सर्किट एरवी कायम जोडलेलं असतं आणि बटण दाबलं की तुटतं. हे उलटं का, असं विचाराल. आपल्या शाळेत उंदीर आहेत. धानाच्या गावात उंदीर असणारच. उद्या उंदरानं ती तार कुरतडली, तर पडदा थांबला पाहिजे. उलट्या पद्धतीनं जोडणी केली आणि तार तुटली, तर संकटाच्या वेळी तुम्ही बटण दाबत राहाल आणि काहीच होणार नाही.

चौथी गोष्ट वीज. चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र आपल्या शेजारी, २,९२० मेगावॅटचं. त्याच्या उजेडात मुंबई-पुण्याची नाट्यगृहं चालतात. पण नाटकाच्या मध्यात वीज जाणं आपल्याला नवं नाही. वीज गेली की मोटारीचा ब्रेक आपोआप आवळला गेला पाहिजे. असा ब्रेक स्प्रिंगनं कायम आवळलेला असतो आणि वीज आल्यावरच सैल होतो. माणसांच्या डोक्यावर लटकणारं वजन असेल तर असे दोन ब्रेक, एकमेकांवर न विसंबणारे. हे कन्सोलचं काम नाही, मोटारीचं आहे, पण कन्सोलवर पैसे संपले की ब्रेकावर काटछाट होते. मी स्वतः तसं होताना पाहिलं आहे.

वीज परत आल्यावर दुसरा प्रश्न येतो: पडदा कुठे आहे, हे यंत्राला आठवतं का? मोटारीचे फेरे मोजणारा एन्कोडर दोन प्रकारचा मिळतो. एक वीज गेली की मोजणी विसरतो, मग पडदा आधी वरच्या टोकाला नेऊन पुन्हा शून्य करावा लागतो. दुसऱ्याला आपली जागा आठवते. दुसरा महाग आहे, पण आपल्या भागात तोच घ्या. आणि एन्कोडर कितीही शहाणा असला, तरी वरच्या आणि खालच्या टोकाला दोन-दोन लिमिट स्विच हवेतच. पहिला चुकला तर दुसरा. दोर सैल पडला तर मोटार थांबवणारा स्विचही मागून घ्या, कारण पडदा खाली कशावर टेकला आणि मोटार फिरतच राहिली, तर दोर ड्रमवर विस्कटतो आणि पुढचा झटका वाईट असतो.

पाचवी गोष्ट आपल्या हवेची. मे महिन्यात चंद्रपूर ४७ अंशांवर जातं, आपण फार मागे नसतो. टिनाच्या छपराखाली तर विचारूच नका. पावसाळ्याआधी विजा कडाडतात. दिव्याजवळ किडे येतात, वरून धूळ. पंखा असलेला कन्सोल ही धूळ आणि किडे आत ओढून घेतो, बिनपंख्याचा घ्या. घामेजल्या बोटांना टच स्क्रीन दाद देत नाही आणि दुपारच्या तालमीला उन्हात तो दिसतही नाही. ज्या गोष्टी घाईत लागतात त्यांना खरी बटणं हवीत, अंधारात चाचपून सापडतील अशी. स्क्रीन यादी बघायला ठीक आहे. मुख्य पॅनलला विजेपासून वाचवणारी सर्ज उपकरणं आणि चांगलं अर्थिंग, यावर तडजोड नको. शाळेत थ्री फेज आहे की नाही तेही बघा. नसलं तरी आपल्या लहान मोटारींना अडणार नाही, सिंगल फेज घेऊन मोटारीला तीन फेज देणारे ड्राइव्ह मिळतात.

सहावी गोष्ट, किती मोटारींचा कन्सोल. आपल्याकडे दर्शनी पडदा, मागचे दोन पडदे आणि लाइटचा एक बार, म्हणजे चार मोटारी. आठ मोटारींपुरता कन्सोल घ्या, पुढच्या बॅचला वाढवायला जागा राहील. पहिल्या कोटेशनमधला डेस्क साठ मोटारी चालवतो. चार बैलांच्या शेतकऱ्यानं साठ बैलांचा गोठा बांधण्यासारखं आहे ते.

सातवी गोष्ट बिनतारी रिमोटची. एका मित्रानं विचारलं, "मोबाइलवरून नाही का चालणार?" चालेल. पण नको. सिग्नल तुटला की यंत्र थांबलं पाहिजे, अशी व्यवस्था असलेले बिनतारी कन्सोल आहेत, पण ते जपणं हे रोजचं काम आहे. तार दिसते, तिला हात लावून तपासता येतं.

आठवी गोष्ट किल्लीची. ही शाळा आहे. मधल्या सुट्टीत कोणी ना कोणी कन्सोलला हात लावणारच. आपण लावला नसता का? किल्लीचा स्विच असलेला कन्सोल घ्या, किल्ली मुख्याध्यापिका मॅडमच्या कपाटात, आणि कन्सोल सॉकेटमधून काढून कुलपात. लहान कन्सोलचा हा आणखी एक फायदा.

नववी गोष्ट: बिघडलं तर कोण दुरुस्त करणार? नागपूरहून माणूस यायला अर्धा दिवस जातो, पुण्याहून दोन. म्हणून बाजारात सहज मिळणारे ड्राइव्ह, वायरिंगचा नकाशा छापील आणि मराठीत, प्रोग्रॅमची प्रत आपल्याकडे, आणि हातानं फिरवायचा हँडल प्रत्येक मोटारीला. ज्या विक्रेत्यानं प्रोग्रॅमची प्रत द्यायला नकार दिला, त्याच्याकडून घेऊ नका.

आता काहीजण मनात म्हणत असतील, झाडीपट्टीच्या गावात हे मोटारीचं खूळ कशाला? रास्त प्रश्न आहे. कंपन्यांना मोटारी विकायला मी आलेलो नाही. रोज नवं गाव, रोज नव्या बल्ल्या. तिथे दोर आणि पडदेवालाच योग्य. यंत्र कुठे लागतं ते सांगतो. १९६२ साली 'तो मी नव्हेच' आलं, त्यात फिरता रंगमंच वापरला. प्रभाकर पणशीकर एकाच नाटकात पाच रूपं घेत आणि प्रवेश झरझर बदलत. ते नाटकाची गरज म्हणून आलं. आपल्या शाळेची गरज वेगळी आहे. इथे पडदा ओढणारी मुलं आहेत. गुंडाळीचा ओला पडदा दोन मुलांच्या हातात जड होतो, दोर निसटतो, हात सोलतात. एक गोष्ट मॅडमनी काल सांगितली: मामांनंतर पडदा ओढायला कोणी उरलं नाही, म्हणून गेली काही वर्षं संमेलनात पडदाच लावत नाहीत. मला ते ऐकून वाईट वाटलं. पडदा नसलेलं नाटक आपल्या गावात होतंय!

तर माझं मत: तिसरं कोटेशन. पहिल्या आणि तिसऱ्या कोटेशनमध्ये जो फरक आहे, ते पैसे दुहेरी ब्रेक, आठवण ठेवणारे एन्कोडर आणि विंगांतली लाल बटणं यांवर लावा. ते कोणाला दिसणार नाहीत. देणगीदारांच्या पाटीवर "ब्रेक" असं लिहिता येत नाही, हे मला मान्य आहे.

आणि घेताना विक्रेत्याचं प्रात्यक्षिक बघत बसू नका. प्रात्यक्षिकात सगळंच छान चालतं. तुम्ही त्याला चार गोष्टी करायला लावा. पडदा अर्ध्यात असताना अंगठा सोडा. पुन्हा चालू करून लाल बटण मारा. पुन्हा चालू करून कन्सोलची तार सॉकेटमधून उपटा. आणि शेवटी मेन स्विच बंद करा. चारही वेळा पडदा तिथल्या तिथे थांबला पाहिजे आणि परत आपोआप सुरू होता कामा नये. हे रिकाम्या बारवर करू नका. बारवर जेवढं वजन लावायचं ठरलं आहे, त्याच्या सव्वापट वजन लावून करा. वजन कुठून आणायचं? राइस मिलवाले आपल्यात बसले आहेत. धानाची पोती बांधा. खाली मात्र त्या वेळी कोणी उभं राहायचं नाही, मॅडम सुद्धा नाही, मी सुद्धा नाही.

एवढं करूनही एक गोष्ट कुठल्याच कोटेशनमध्ये मिळणार नाही, ती म्हणजे बघणारा माणूस. कन्सोलवर 'क्यू' लिहून ठेवता येतात: क्यू ४, महाल खाली, क्यू ५, जंगल वर. बटण एकच दाबायचं. पण नियम करा की अंधारात काहीही खाली येणार असेल, तर समोरच्या विंगेत दुसरं मूल हात वर करून उभं राहील. तो हात दिसला तरच पहिल्यानं अंगठा दाबायचा. शिटी, संगीताची टिपरी, प्रॉम्प्टरची हाक, यांपैकी कशावरही नाही. आठवी-नववीतली चार मुलं-मुली दरवर्षी निवडा आणि त्यांना हे शिकवा. दहावीला गेली की पुढच्यांना शिकवतील. मामांची जागा एका यंत्रानं भरणार नाही, चार जोड्या डोळ्यांनी थोडीफार भरेल.

माझा वाटा मी सांगून ठेवतो. वर्गणी मी दिली आहे, ती वेगळी. दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस मी इथे राहीन. बसवणाऱ्यांच्या मागे उभा राहीन, चारही परीक्षा स्वतः घेईन आणि पहिल्या चार मुलांना शिकवून जाईन. राहायची सोय कोणाकडे करायची ते तुम्ही ठरवा. जेवणाचं मात्र मी आत्ताच सांगतो, नव्या तांदळाचा भात पाहिजे.

एक शेवटची विनंती. मामांचा जुना दोर शाळेच्या अडगळीत अजून आहे. काल मी जाऊन पाहिला. कप्पीतून गेलेल्या जागी तो काळा आणि गुळगुळीत झाला आहे. तो फेकू नका. कन्सोल ज्या कपाटात ठेवाल, त्याच कपाटात तो टांगा. मुलं विचारतील, हे काय? मग त्यांना ते वाक्य सांगा.

आपण सगळ्यांनी ऐकून घेतलंत, सरांनी मध्ये एकदाही शिटी वाजवली नाही, त्याबद्दल आभार.